थोरली अळंबी, धाकटी अळंबी

"अगो, एकाच टोपात? थोरली जाऊ नि धाकटी जाऊ एका चुलीवर कधी नांदल्यात काय?"

मावशीच्या हातातली पळी हवेतच राहिली. ओरडणारे तिचे यजमान, म्हणजे आमचे काका. अळंबीपायी बायकोशी चार दिवस अबोला धरणारा आणि अळंबीशी मात्र रोज बोलणारा असा माणूस अख्ख्या संगमेश्वर तालुक्यात दुसरा नव्हता.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार. काका सांगत, दोघी अळंबी वारुळाच्याच, पण स्वभाव निराळे. थोरली छत्रीएवढी, एकदा तिच्याखाली उभं राहून आपण अख्खी सर चुकवली, असं ते शपथेवर सांगत. तिचा दांडा वारुळाच्या पोटात हातभर खोल. ओढलीत तर तुटेल, जागा सोडायची नाही. धाकटी भाताच्या शिताएवढी, वारुळाभोवती हजारोंनी सांडलेली. "थोरली गावचं घर धरून राहिलेली. धाकटी आपली मुंबईकरीण, एका खोलीत वीस जणं!" म्हणून थोरलीला नारळाचा रस, धाकटीला नुसता कांदा.

पण कलमांच्या बागांसाठी वारुळं फुटत चालली, तशा दोघी दिसेनाशा झाल्या. दोघी जिथे येत असं एकच वारूळ उरलं होतं, काकांच्या चुलतभावाच्या, म्हणजे दादांच्या, माळावरच्या कातळी सड्याच्या उतारावर. जन्मभर पोस्टमनकी करून लोकांचे पत्ते शोधणाऱ्या काकांनी हा पत्ता बायकोलाही दिला नव्हता. सड्यावर जायचं तर आधी नदीकडे निघत, टोपलीवर मासे धरायचं जाळं टाकत, मागून कुत्रं आलं तर त्यालाही घरी सोडून येत. दादांकडे दरसाल वाटीभर अळंबीचं कालवण पोचायचं.

"कुठली रे ही?" दादा विचारत.

"देवाची."

त्या वर्षी काकांचे गुडघे कुरकुरू लागले, म्हणून मला देवासमोर शपथ घालून टोपली धरायला नेलं. वर पोचलो तर उतारभर हापूसची कोवळी कलमं रांगेत उभी. काका एका आळ्याशी उकिडवे बसले. बोटांनी माती चाळत राहिले. पांढरं शीतसुद्धा नव्हतं. त्यांनी मातीतून हात काढलाच नाही.

दादा पलीकडे कलमाला काठी बांधत होते.

"इथलं वारूळ?" काकांनी विचारलं.

"उन्हाळ्यात फोडलं. वाळवी कलमं खाते."

"त्याच्यावर यायची रे अळंबी. दोन्ही."

दादांनी सुंभाची गाठ मारली. "इतकी वर्षं विचारतोय तुला, कुठून आणतोस म्हणून. सांगितलं असतंस तर वारूळ सोडून खड्डे मारले असते."