कुसूमच्या मायचा आवाज

हे माझ्या तोंडून आजवर निघालं नाही. पोरीले सांगितलं नाही, भावाले नाही — अन् जिले सांगायचं होतं ती, माझी बायको कुसूम, मागच्या पोळ्याले गेली. आता तुम्हीच ऐका. शिक्षण माझं सातवी नापास. जसं येते तसं लिहितो.

बार्शीटाकळीले बसस्टँडजवळ माझी घड्याळं दुरुस्त करायची टपरी होती. मग ती वर्षं आली — पेपर उघडला की ओळखीच्या एखाद्या गावाचं नाव, कोण्या शेतकऱ्यानं फवारणीचं औषध पेलं. अशात घड्याळ कोण घेते? मी एक जुना कॉम्प्युटर आणला अन् लोकांच्या मोबाईलमध्ये, एमपीथ्री प्लेअरमध्ये गाणी भरून द्यायले लागलो. प्लेअर अडकत असला तर सॉफ्टवेअर मारून द्यायचो. म्हणजे त्याले आतून चालवणारं जुनं काढून नवीन टाकायचं. काम नाजूक. गिऱ्हाइकाले मी तोंडपाठ ऐकवायचो — आधी आतलं सारं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, बॅटरी फुल करा, अन् काम चालू असताना वायरले हात लावू नका. मधातच वायर निघाली तर प्लेअर मेला समजा.

म्हणजे मले माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

कुसूमकडे असाच एक प्लेअर होता. पोरगी अमरावतीले कॉलेजात होती, तिनं आणून दिलेला. त्यात कुसूमनं तिच्या मायची भुलाबाईची गाणी भरून घेतली होती. म्हातारी ओसरीवर बसून म्हणे, कुसूम प्लेअर तिच्या तोंडाजवळ धरून बसे. मधात म्हातारी खोकली, कोंबडीले हाड् म्हणाली — तेही त्यात. पुढच्या वर्षी म्हातारी वारली. राहिला तो एवढाच आवाज.

प्लेअरवर मराठी अक्षरं दिसत नव्हती, नुसते चौकोन. कुसूम बटण मोजून दाबे. "सात वेळा दाबलं का माय येते," म्हणे.

मी म्हटलं, "आण इकडे. नवीन सॉफ्टवेअर मारतो. तुया मायचं नाव मराठीत दिसन."

"बिघडन तं नाही ना?"

"मले शिकवतं का वं?"

दुसऱ्या दिवशी टपरीवर लावला. गाणी आधी उतरवून घेतली का? नाही. चार गाणी, त्याले काय उतरवायचं — असं वाटलं. काम किती झालं दाखवणारी कॉम्प्युटरवरची पट्टी अर्ध्यावर आली अन् एक बँडवाला धावत आला. लग्नाले निघालेले, गाडी स्टँडवर उभी. "काकाजी, दोनच गाणे टाका, डायवर शिव्या देऊन राहिला!" माझ्या कॉम्प्युटरले वायर लावायच्या जागा दोन, त्यातली एक बिघडलेली. मी कुसूमची वायर ओढली अन् त्याची लावली.

काहून ओढली? घाई होती म्हणू? त्याले पाच मिनिटं थांब म्हणता आलं असतं. पण ते गिऱ्हाईक होतं, हे घरचं काम. घरच्या कामाले कोण विचारते?

बँडवाला गेला. प्लेअर लागला नाही. वायर लावली, काढली, बटण दाबून धरलं. पडदा काळा तो काळाच.

गाडी धरून अकोल्याले गेलो. तिथं रहीमभाई — माझ्याहून जाणता कारागीर. त्यानं उघडून पाहिलं अन् विचारलं, "काकाजी, बीच में वायर निकाली क्या?"

जन्मभर लोकांची घड्याळं उघडलेला माणूस मी. लाज वाटली. म्हटलं, "नाही हो. बायकोनं ओल्या हातानं धरला."

त्यानं प्लेअर उजेडात धरला. "पानी का दाग तो नहीं है," म्हणाला. पुढं काही विचारलं नाही. आतलं आता परत येत नाही, एवढं सांगितलं.

खोटं तिथंच टाकून येता आलं असतं. मी ते घरी घेऊन आलो. पाय आत ठेवता ठेवताच ओरडलो — "कितीदा सांगतलं, भांडे घासता घासता त्याले हात लावत जाऊ नको! पाणी गेलं आत!"

एरवी एका शब्दाले चार ऐकवणारी बाई. पण त्या दिवशी भांडली नाही. पदराले हात पुसले — कोरडेच होते — अन् खाली बसली. "मायाच हातानं गेली माय," एवढंच बोलली.

त्यानंतर तिनं टीव्हीचं बटणसुद्धा दाबलं नाही. पोरीनं मोबाईल घेऊन दिला, तर फोन मी लावायचा अन् तिच्या कानाले धरायचा. भुलाबाईच्या दिवसांत गल्लीतल्या बाया बोलवायले येत. "मले गाणे आठवत नाहीत," म्हणून वापस पाठवे. आठवत होते. चुलीजवळ बसून हळूच म्हणायची, मधातच अडकायची, पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. मी बाजूच्या खोलीत बसून ऐकायचो. उठून सांगता आलं नसतं का? रोज सांगता आलं असतं. एवढ्या वर्षांत — रोज.

शेवटी ती अकोल्याले दवाखान्यात होती. दुपारची वेळ, पोरगी डबा आणायले गेलेली.

"अवो," कुसूम म्हणाली, "एक खरं सांगा. त्या दिवशी माये हात ओले होते का? म्या लय आठवून पाह्यलं. मले तं काही आठवत नाही."

इतकं सरळ विचारलं. आम्ही दोघंच होतो. 'नाही' — एवढाच शब्द लागत होता. तिनं शिव्या दिल्या असत्या. द्यायलेच पाहिजे होत्या.

मी म्हटलं, "होते वं. जाऊ दे आता. म्या तुले कवाचंच माफ केलं."

माफ केलं — मी, तिले.

तिनं माझा हात धरला. "बरं झालं," म्हणाली. चेहरा हलका झाला तिचा, मले दिसलं. तिसऱ्या दिवशी गेली.