दोन उडती, एक बसकं

१७ डिसेंबर १९८३, शनिवार. कॅसेट भरायची होती. सकाळची ड्यूटी संपवून मी तीनला घरी आले, साडी बदलली, कणीक मळून झाकून ठेवली आणि टेबलावर दोन टेपरेकॉर्डर शेजारी शेजारी मांडले. एक आमचा होता. दुसरा नवऱ्याच्या सहकाऱ्याचा. नवरा उमरेडला कोळशाच्या खाणीत होता आणि शनिवारी घरी यायचा. त्या दिवशी तो टेप चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून घेऊन आला होता.

दुसऱ्या दिवशी मुलीला अठरा वर्षं पूर्ण होणार होती. तिला वाढदिवसाला पार्टी हवी होती आणि पार्टीत नाच हवा होता. केक नसला तरी चालेल, म्हणाली.

गावात कॅसेट भरून देणारी दुकानं होती. गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट द्यायची, चार दिवसांनी भरलेली घेऊन यायची. मुलीची यादी केव्हाच तयार होती. सोळा गाणी, सगळी उडती. दुकानदाराने ती जशीच्या तशी भरून दिली असती. म्हणूनच मी ती दुकानात दिली नाही.

आमच्या मुलीला सिकलसेल होता. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात, असं डॉक्टरांनी मला १९७२ साली कागदावर चित्र काढून समजावलं होतं. तेव्हा मुलगी साडेसहा वर्षांची होती आणि तिच्या मोठ्या भावाला जाऊन चार महिने झाले होते. तो नऊ वर्षांचा होता. त्याचं काय दुखतं हे तो गेल्यावर कळलं. हा आजार मुलात यायला आई आणि बाप दोघांकडून अर्धा अर्धा यावा लागतो. नवऱ्याने अर्धा दिला, मी अर्धा. या एका बाबतीत आमच्यात कधी भांडण झालं नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं सोपं होतं. पाणी भरपूर पाजा, थंडी लागू देऊ नका, दमू देऊ नका. दमली, घाम आला, अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उठायचं. हाडांच्या आतून. मी एक्सचेंजमध्ये टेलिफोन ऑपरेटर होते, दिवसभर लोकांचे आवाज ऐकायचे, पण त्या दुखण्यात तिच्या तोंडून निघायचा तसा आवाज मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही.

हे घराबाहेर कोणालाच माहीत नव्हतं. नियम माझाच होता. मुलगा गेला त्यानंतर कुही गावाकडच्या नातेवाइकांत कुजबूज झाली आणि माझ्या नणंदेचं ठरलेलं लग्न मोडलं. नणंद ठणठणीत होती. तरी मोडलं. मग मी ठरवलं की आपल्या मुलीच्या बाबतीत हा शब्द उंबऱ्याबाहेर जाणार नाही. शाळेत, कॉलेजात, शेजारी, सगळीकडे एकच उत्तर: तिला वात आहे. डोळे पिवळे दिसायचे म्हणून तिला फिकट तपकिरी काचांचा चष्मा करून दिला. मैत्रिणी तिला हिरोईन म्हणायच्या.

पार्टीला नाही म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण मी तिला सहलीला नाही म्हटलं होतं, कॉलेजच्या गॅदरिंगला नाही म्हटलं होतं, सायकलला नाही म्हटलं होतं. चौथ्यांदा नाही म्हणण्याऐवजी मी वेळ दुपारी तीनची ठेवली, म्हणजे हुडकेश्वरच्या आमच्या अंगणात ऊन असेल. आणि कॅसेट स्वतः भरायला घेतली.

काम मला जमण्यासारखं होतं. दोन्ही बाजूंना पिना असलेली वायर मी स्वतः डाग देऊन बनवली. गाण्यांच्या कॅसेटी मुलीच्या वर्गातल्या एका उंच मुलीने दिल्या होत्या. ती मुलगी बडबडी होती, मनाने चांगली होती. एका टेपवर गाणं लावायचं, दुसऱ्यावर रेकॉर्डचं आणि पॉझचं बटण दाबून थांबायचं, आणि गाणं सुरू होण्याच्या नेमक्या क्षणी पॉझ सोडायचा. उशीर झाला तर पहिला ठेका कापला जातो. मी दिवसभर दुसऱ्यांचे कॉल जोडत होते, मला उशीर होत नसे.

मी यादीतली चार गाणी कापली आणि त्या जागी चार संथ गाणी टाकली. दोन उडती, एक बसकं. पुन्हा दोन उडती, एक बसकं, मग शेवटची दोन उडती. दोन्ही बाजूंना तसंच. बसकं गाणं साधारण चार मिनिटांचं. चार मिनिटांत ती दोन पेले पाणी पिऊ शकते आणि खुर्चीवर बसू शकते. आणि सगळेच बसतील, म्हणजे ती एकटी बसलेली दिसणार नाही. हा माझा हिशोब होता.

तिसऱ्या जागी पहिलं बसकं गाणं भरत होते तेव्हा मुलगी येऊन टेबलाशी उभी राहिली.

"आई, हे भजन काहून टाकून राहिली?"

"भजन नाही ते. शेजारच्या बायाही येतीन. त्यायलेबी काही पाहिजे."

"बाया नाचणार हायेत?"

"नाही. बसतीन."

"मंग मीबी त्यायच्यात बसू?"

मी टेपच्या काऊंटरचा आकडा कागदावर लिहिला आणि पॉझ दाबला. "प्रत्येक दोन गाण्यांनंतर पाणी प्यायचं," म्हटलं.

"हो वं माय," म्हणाली आणि गेली.

आतून नवरा म्हणाला, "तिले सांगून टाक ना सरळ."

"काय सांगू? तिले माहीत नाही का?"

 आमच्या घरात त्या आजाराचं नाव आम्ही तिघंही आपसात घेत नव्हतो. बाहेर लपवता लपवता घरातही बोलायची सवय मोडली होती. त्या दुपारी बोललो असतो तर काय झालं असतं, हे मला सांगता येणार नाही.

रविवारी तीनला मुलं आली. सात मुली, तीन मुलगे. शेजारच्या दोघी बाया आल्या. मी आलूबोंडे तळत होते. अंगणात चांगलं ऊन होतं. उंच मुलीने टेपचा ताबा घेतला, स्टुलावर ठेवला आणि बटण दाबलं. पहिली दोन गाणी ठरल्याप्रमाणे झाली. मुलगी नाचत होती. तिला नाच येत होता, हे मला माहीतच नव्हतं. कुठे शिकली, विचारलं नाही.

तिसरं गाणं लागलं. सगळे थांबले.

"काकू," उंच मुलगी दारातून ओरडली, "हे लागलं का वाटते, घरात कोणी गेलं."

सगळे हसले. शेजारच्या बायाही हसल्या. मुलगी खुर्चीकडे निघाली होती, ती अर्ध्या वाटेत थांबली.

"हिरोईन, तू काहून बसून राहिली? म्हातारी झाली का अठराव्या वर्षी?"

"बसत कोण हाये," मुलगी म्हणाली. "काढ ना ते. पुढं कर."

टेप पुढे पळताना जो चिरका आवाज निघतो तो निघाला. मी झारा हातात घेऊन दारात आले. मला एवढंच म्हणायचं होतं: राहू द्या, ते गाणं मला ऐकायचं आहे. तेवढं खोटं पुरलं असतं. अशी खोटी उत्तरं मी अकरा वर्षं देत आले होते. पण मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको. दहा पोरांसमोर नको.

नवरा माझ्या मागे उभा होता. "थांबव ना," हळूच म्हणाला.

"तुम्ही थांबवा."

त्यानेही थांबवलं नाही. तेलातले आलूबोंडे करपत होते. मी आत गेले.

आतून मी मोजत होते. चौथं, पाचवं. पुन्हा चिरका आवाज. सातवं, आठवं. बाजू बदलली. मी पाण्याचा तांब्या नवऱ्याच्या हाती बाहेर पाठवला, तो भरलेलाच परत आला. दुसऱ्या बाजूलाही दोन वेळा टेप पळाली. बारा उडती गाणी, एका दमात. पाऊण तासाच्या आसपास. बाहेर टाळ्या पडत होत्या.

पाचला ऊन उतरलं. मी स्वेटर नेऊन दिलं, तिने ते कंबरेला बांधलं. साडेपाचला पोरं निघाली. उंच मुलीने आपल्या कॅसेटी पिशवीत भरल्या आणि आमचीही उचलली. "काकू, उतरवून घेतो आणि परत देतो." मुलीने सगळ्यांना फाटकापर्यंत पोचवलं. एकेकाशी हसून बोलली. एका हाताने तिने फाटकाची सळई धरली होती, ते मी पाहिलं. शेवटची सायकल वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा ती तिथेच खाली बसली. दुखणं अर्ध्या तासापूर्वी सुरू झालं होतं, असं तिने नंतर सांगितलं. डाव्या कमरेत.

ऑटोने सरकारी दवाखान्यात नेलं. सलाइन लागलं, इंजेक्शन दिलं. तासाभराने तिचा तो आवाज कमी झाला. नवरा चादर आणायला घरी गेला तेव्हा मी तिला विचारलं.

"ती गाणी काहून टाकली होती, तुले समजलं नाही?"

"समजलं. टेबलाजवळच समजलं."

"मंग?"

"मंग काय. मले नाचायचं होतं. दम खायचा नव्हता." मग म्हणाली, "तू काहून नाही थांबवलं?"

"तूच मान हलवली."

"मी तं नाहीच म्हणीन, आई. मी अठरा वर्षांची हावो. तू किती वर्षांची हायेस?"

मी चाळीस वर्षांची होते. तिने ते चिडून विचारलं नव्हतं. सलाइनचे थेंब जोरात पडत होते, मी नर्सला बोलावून आणलं.

पुढचं इथेच सांगून टाकते. त्या दुखण्यात तिच्या डाव्या खुब्याचा रक्तपुरवठा तुटला आणि हाड आतून मेलं. ते त्या दिवशीच झालं की आधीपासून होत आलं होतं, डॉक्टरांना सांगता आलं नाही. मी विचारलं होतं. ती त्यानंतर लंगडत चालायची. नाचण्याचा प्रश्न राहिला नाही. लग्नाचाही राहिला नाही. तिने बी.ए. पुरं केलं, एका शाळेत दीड वर्ष शिकवलं, आणि गेल्या वर्षी छातीत दुखणं उठून तीन दिवसांत गेली. तेवीस पूर्ण व्हायला दोन महिने होते.

सोमवारी सकाळी, म्हणजे १९ तारखेला, माझी आठची ड्यूटी होती. नवऱ्याने खाणीत कळवून रजा वाढवली होती, तो तिच्याजवळ बसला. मी सहाला घरी येऊन अंघोळ केली, माझा डबा भरला आणि वाटेत सक्करदऱ्याला बसमधून उतरले. उंच मुलगी तिथे राहत होती. मला कॅसेट परत हवी होती. का हवी होती, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

ती ब्रश करत दारात आली. मागे तिची आई होती.

"अरे काकू! या ना. कॅसेट झाली उतरवून, कालच." तिने आतून दोन्ही कॅसेटी आणल्या. "आणि ते रडके गाणे मी गाळून टाकले. आता सलग हाये, एकदम झकास. हिरोईनले द्या ऐकायले. कशी हाये ती?"

"दवाखान्यात आहे."

"अरे बापा! वात उठला का?"

"वात नाही," मी म्हटलं. "तिला सिकलसेल आहे. जन्मापासून. तिचा भाऊ त्यानेच गेला. ती गाणी मी तिला बसता यावं म्हणून टाकली होती."

उंच मुलीच्या तोंडात ब्रश तसाच राहिला. तिची आई पुढे आली. तिने आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लागते का हो ते?" तिने विचारलं. "नाही म्हणजे, या दोघी एका ताटात जेवतात."

"लागत नाही," मी म्हटलं. "आईबापाकडून येतं."

"चहा घेता?"

"नको."

 उंच मुलीने सलग भरलेली कॅसेट स्वतःजवळ ठेवली आणि माझी माझ्या हातात दिली. मी ती पर्समध्ये टाकली. दुपारपर्यंत कॉलेजात आणि संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत कळणार हे मला माहीत होतं, आणि तसंच झालं. सिटी बस आली. मी आठला दहा मिनिटं असताना एक्सचेंजमध्ये सही केली, हेडफोन लावला आणि पहिला कॉल जोडला.