रत्नपाल टेलरचे बावीस स्टेटस

कळमनुरीत रत्नपाल टेलरचं स्टेटस म्हणजे गल्लीची फुकटची करमणूक. पण त्या सकाळी चहाआधीच बावीस पडले, तशी त्याची बायको पल्लवी चहा सोडून त्याच्यापाशी आली. त्याला बायपोलरचा आजार. मन उधळलं की आधी फोन उधळतो.

"आता लाइव्ह जातो! शिलाईच्या दोन्ही मशिनी लोकायला वाटून टाकून राहिलो!"

पल्लवीनं आपल्या फोनवर व्हिडिओ लावला. बरा असताना त्यानंच स्वतःसाठी करून ठेवलेला: "रत्नपाल, दहाच्या वर स्टेटस गेले, तर फोन पल्लवीला दे. भांडू नको."

"हा कोण शहाणा?"

"माझा नवरा हाय. मी त्याचंच ऐकते."

लाइव्हच्या बटणावरचा अंगठा थबकला. तो व्हिडिओ पुन्हापुन्हा बघत राहिला.

"कॉलर उसवली बघ त्याची," असं पुटपुटत त्यानं स्वतःचा फोन तिच्या हातात दिला.