श्रीपतरावांचा अर्धा दात

दांडिया बाजारात राहणाऱ्या श्रीपतरावांचा पुढचा एक दात अर्धाच आहे. एकाहत्तरच्या लढाईत टेलिफोनची तार दातांनी सोलताना तो तुटला, असं ते सांगतात. उत्तरायणला, म्हणजे गुजराती संक्रांतीला, चिक्की खाताना तुटला, असं त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई सांगतात. त्यांना ते लग्नातच सासूबाईंनी सांगून ठेवलेलं. गल्लीचं मत अर्थातच प्रेमलाबाईंच्या बाजूनं आहे.

श्रीपतराव सैन्यात लाइनमन होते, नंतर गोरव्याच्या कारखान्यात वायरमन. लढाईचा कुठलाही सिनेमा ते पेपर तपासावा तसा बघतात. सुरुवातीला शंभर गुण, मग चुकीगणिक कापाकापी. आजवर साठाच्या वर कोणी गेलेलं नाही. त्यांच्याच चौकीच्या लढाईवर सिनेमा आला, तेव्हा दाताचा निकाल आता पडद्यावरच लागेल, असं त्यांनी घरात जाहीर केलं. लागू दे, म्हणाल्या प्रेमलाबाई. नात शर्वरीनं दुपारच्या खेळाची तिकिटं काढली.

कापाकापी लगेच सुरू झाली. खंदकात बुटांना पॉलिश, पाच गेले. साहेबानं हँडल न फिरवताच फोनवर भाषण ठोकलं, दहा गेले.

"आजोबा, आ तो मूवी छे," शर्वरी कुजबुजली.

"फोनला कुठं ठाऊक असतं ते?"

मग तोफगोळ्यानं तार तुटली आणि पडद्यावरचा लाइनमन सरपटत निघाला. श्रीपतराव खुर्चीत पुढे सरकले. लाइनमननं तारेचं टोक हातात घेतलं, खिशातून नवीकोरी पक्कड काढली आणि झटक्यात सोललं.

प्रेमलाबाईंनी पॉपकॉर्न पुढे केलं. "पक्कड होती की हो तुमच्याकडे."

सिनेमा संपला. शर्वरी गाडी आणायला गेली, तेव्हा श्रीपतराव म्हणाले, "पक्कड होती. आम्हा तिघा लाइनमनांत एक. भास्करच्या खिशात. तार पहिल्यांदा तुटली तेव्हा तो गेला, तो परत आलाच नाही. दुसऱ्यांदा तुटली, तेव्हा मी गेलो."

"मग चिक्की?"

"उत्तरायणला सुटीवर आलो. आईनं तोंडाकडे बघितलं. तिला काय सांगणार? हातात चिक्की होती."

गाडी गल्लीच्या तोंडाशी आल्यावर प्रेमलाबाईंनी गुण विचारले.

"बासष्ट."

साठाच्या वर? शर्वरीनं आरशातून मागे पाहिलं.

"पक्कड चुकली. पण त्याचं सरपटणं बरोबर होतं, डावं कोपर आधी टाकून. भास्कर तसाच जायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या नयनाबेन ओट्यावर आल्या. सिनेमात चिक्की दाखवली की नाही, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. श्रीपतराव उत्तर द्यायला दात दाखवतच होते, तोवर आतून प्रेमलाबाई बाहेर आल्या.

"तार सोलताना तुटलाय तो."

"अन् चिक्की?"

"ती सासूबाईंसाठी होती," प्रेमलाबाई म्हणाल्या आणि नयनाबेनना बसायला पाट दिला.