कॉम्प्युटरवर नारळ

"कुणी हात लावला व्हता?"

बंद पडलेल्या कॉम्प्युटरसमोर उभं राहून ते आधी हेच विचारत. नमस्कार नाही, पाणी नाही. एखादा मुलगा कबूल झालाच, तर डोळे माझ्यावर वटारत. "मॅडम, पोरं हात लावणारच. तुमी काय करत व्हता?"

हर्सूलच्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते. आमची जुनी मशीनं हे गृहस्थ दुरुस्त करत. मूळचे वैजापूरकडचे, वडील अजून मेंढरं राखतात. तुमच्याही ओळखीत असा एखादा तिरसट माणूस असेल. त्याला बोलावताना धाकधूक होते आणि तो आला की जीव भांड्यात पडतो.

एकदा एक मशीन काही केल्या सुरू होईना. यांनी आतली रॅम काढली, पहिल्या बाकावरच्या मुलीचं खोडरबर मागून घेतलं आणि रॅमची सोनेरी कड घासघासून लख्ख केली. मशीन चालू झालं. खोडरबर परत देताना म्हणाले, "गणित चुकलं तर असंच घासायचं, ताई. रडायचं नाय."

दुसऱ्या एका मशीनमधून पालीची अंडी निघाली. "हिचं बाळंतपण तुमच्याच शाळेत झालं म्हणायचं." एवढा एकच विनोद मी त्यांच्या तोंडून ऐकला.

मग संस्थेला नवे अध्यक्ष आले आणि त्यांच्या डोळ्यांत आमची कॉम्प्युटरची खोली भरली. "हे भंगार काढा, इथं माझं दालन करू." मी भांडले. शेवटी ते म्हणाले, शाळा उघडायच्या आत सगळी मशीनं चालती करून दाखवा, नाहीतर खोली रिकामी करा.

आमच्या दुरुस्तीवाल्या गृहस्थांनी सुट्टीभर घाम गाळला. भंगारबाजार पालथा घालून भाग आणले, जुन्या हार्डडिस्क काढून वेगवान एसएसडी बसवल्या. जी मशीनं सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा, ती बटण दाबताच जागी होऊ लागली.

खोलीच्या उद्घाटनाच्या दिवशी पत्र्याखाली मरणाचा उकाडा होता, म्हणून पहिल्या मशीनचं झाकण त्यांनी उघडंच ठेवलं होतं. अध्यक्षांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पाणी ओतायला हात मशीनवर नेला.

"साहेब, थांबा! आत जाईल!" हे ओरडले.

मुख्याध्यापकांनी त्यांचा दंड धरला. "शुभकार्यात आरडाओरडा नको."

ठिणगी उडाली, करपल्याचा वास आला आणि खोलीतली सगळी लाइट गेली.

"बघा, भंगार ते भंगारच," अध्यक्ष म्हणाले.

मी घसा फोडून सांगितलं, एकच मशीन गेलंय, मेन स्विच वर करा, बाकीची चालतील. कुणी ऐकलं नाही. हे मात्र अध्यक्षांसमोर जाऊन उभे राहिले. "मशीन भंगार नव्हतं, साहेब. तुमची अक्कल हाय." त्यांना तिथल्या तिथं गेटबाहेर काढलं.

आजही आठवलं की माझं डोकं भणभणतं. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही, त्या पोरांची ती एकच जागा होती. आता तिथं गुबगुबीत खुर्ची आहे, आणि माझी मुलं फळ्यावर काढलेल्या कीबोर्डवर बोटं ठेवतात. कसला नारळ आणि कसलं शुभ!

गेल्या महिन्यात शाळेच्या ऑफिसातलं मशीन बंद पडलं. मुख्याध्यापक गोड आवाजात म्हणाले, "तुमचं ऐकतात ते. बोलवा ना."

मी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "पोरांची खोली परत द्या, मंग येतो. पैसे बी नको."

ते मी जसंच्या तसं सांगितलं.

"फारच तापट माणूस आहे," मुख्याध्यापक म्हणाले.

"हो सर. आपल्याला तसा एकच मिळाला होता. त्याचाही दंड तुम्ही धरलात."