आधी ऐकवायचे, सही नंतर

मालतीताईंची आणि माझी पहिली भेट धसईच्या बाजारात झाली. पदवी घेऊन मी त्यांच्या संस्थेत नुकताच रुजू झालो होतो. वाड्यावस्त्यांसाठी सरकारी अनुदानाचे अर्ज तयार करणे हे संस्थेचे काम. भाजीच्या पाट्यांमध्ये उभ्या राहून ताई एका बाईंना त्यांचाच अर्ज मोठ्याने वाचून दाखवत होत्या. "ज्याचा अर्ज, त्याला आधी ऐकवायचा. सही नंतर," एवढाच नियम त्यांनी मला सांगितला.

तो मी मोडला. दिवाळीनंतर इथल्या कातकरी वाडीतली बहुतेक घरे भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. नंतर कोण शोधत फिरणार, म्हणून ती निघण्याआधीच मी कोऱ्या अर्जांवर अंगठे घेऊन ठेवले आणि मागाहून टेबलाशी बसून 'अनुदान कशासाठी' या रकान्यात 'शेळ्या' असे भरले. ताईंना हे कळले तेव्हा मुदत संपायला आठवडा उरला होता. त्या रागावल्या नाहीत. मला घेऊन भट्टीवर गेल्या आणि म्हणाल्या, "वाचा."

मी वाचले. चिखल मळणाऱ्या सोनीबाई थांबल्या. "शेळ्या? आमी हितं, शेळ्या तिथं. चारील कोण, तू का रे सायबा?"

सगळे हसले. ताईंनी विचारले, "मग काय हवं, सोनीबाई?"

"वहाळाचं पाणी वर आणा. भेंडी लावू. हितं काय हौसेनं येतो आमी?"

ताईंनी अर्ज मागे घेतले. पंपासाठीचे कागद आठवड्यात जमण्यासारखे नव्हते. त्या वर्षीचे अनुदान वाडीच्या हातून गेले. तेही सांगायला ताई मला घेऊन पुन्हा भट्टीवर गेल्या.

"म्हंजे वाचून दाखवलं, तेवढंच मिळालं," सोनीबाई म्हणाल्या. ताईंनी ते ऐकून घेतले.

संस्थेच्या बैठकीत ताई "आमची चूक झाली" एवढेच बोलल्या. कोरे अंगठे कोणी घेतले होते, हे आज मीच प्रथम लिहितो आहे. शेळ्या विकून तरी वाडीला काही मिळाले असते, असे मला अनेकदा वाटले. एकदा ताईंना तसे विचारलेही. "असेल," त्या म्हणाल्या.

पंप दोन वर्षांनी आला. आज चार घरे भेंडीच्या आधाराने वाडीतच राहतात, बाकीची अजून भट्टीवर जातात. याला यश म्हणावे का, हे माझे अजून ठरत नाही.

ताई आता पंचाहत्तरीत प्रवेश करत आहेत. त्यानिमित्त लिहिलेल्या या लेखात सोनीबाईंचे नाव आहे, म्हणून पाठवण्याआधी तो वाडीत जाऊन त्यांना वाचून दाखवला.

"बाईंच्या नावाआधीचं ते 'थोर' काढ," त्या म्हणाल्या. "पंप उशिरा आला, ते राहू दे. न् बाईंना सांग, गुडघे दुखत असले तर येऊ नका, भेंडी आमी धाडू." मग म्हणाल्या, "नाय, येऊच दे. नवा अर्ज आलाय. वाचील कोण?"

'थोर' काढला आहे. ताईंचे गुडघे बरे राहोत, आवाज असाच खणखणीत राहो आणि त्या वाडीची वाट त्यांनी पुष्कळ वर्षे चालावी, ही मनापासूनची इच्छा.