मुहूर्त नसलेले दिवस

दहा मीटर. एवढंच मागत होते मी. तेहतीस फूट सरळ, बंदिस्त जागा, बऱ्यापैकी उजेड आणि शेवटी एक भिंत, जिच्यामागून कुणी अचानक डोकं बाहेर काढणार नाही. माझ्या पावलांनी मोजलं तर तेरा पावलं. या नाशकात गाड्यांना जागा मिळते, लॉन्सना मिळते, एकाला लागून एक अशा तीन मिसळीच्या हॉटेलांना मिळते. मला तेरा पावलं मिळत नव्हती.

मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर गेज घेऊन लोखंडातली भोकं मोजायची, आणि सुटी झाली की छऱ्याच्या रायफलने कागदाला भोकं पाडायची आणि तीही मोजायची, असं माझं आयुष्य. कॉलेजात एनसीसीत पहिल्यांदा रायफल खांद्याला लागली. मग लग्न, मुलगी, सासूबाईंचं आजारपण, यांत अठरा वर्षं गेली. चाळिशीत पुन्हा सुरू केलं तेव्हा नवरा म्हणाला, "त्यापेक्षा योगा कर." तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीवर असतो. घरात काय चाललंय ते त्याला एक पाळी उशिरा कळतं.

गेल्या वर्षी राज्य स्पर्धेत राष्ट्रीयच्या कट-ऑफला मी तीन गुणांनी हुकले. यंदा उन्हाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, आतला पडदा पातळ होत चाललाय. हा हंगाम मिळेल, पुढचं मी सांगत नाही. नेम धरायचा डोळा तोच. म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत एकदा तरी उभं राहायचं असेल तर याच वर्षी. हे मी घरात मुलीला सोडून कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पुन्हा योगाच निघाला असता.

आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात आमची रेंज बंद झाली. सातपूरच्या एका शेडमध्ये एक निवृत्त सुभेदार सहा लेनची रेंज चालवायचे. गुडघे गेले म्हणून ते मुलाकडे राहायला गेले आणि शेडमध्ये खोके बनवणारा आला. बाकी जागा आहेत हो, का नाहीत! लष्कराची आहे, ती लष्करासाठी. पोलिसांची पोलिसांसाठी. कॉलेजांची विद्यार्थ्यांसाठी, आणि तीही मी कारखान्यात असते त्या वेळात. एका कार्यालयात मला सल्ला मिळाला की मुंबईला जा, तिथे छान सोय आहे. सरावासाठी रोज मुंबई! सांगणाऱ्याने चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही.

आमचा फ्लॅट दारापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत सात मीटर भरतो. म्हणून आधी गच्ची मागितली. सोसायटीची बैठक बसली. मी टार्गेटचा कागद नेला, छरे नेले, ही स्पर्धेची रायफल आहे, हिला परवानासुद्धा लागत नाही, हे समजावून सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, तुमच्यावर विश्वास आहे, पण बंदूक ती बंदूक." तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या पाण्याच्या टाकीला पडलेलं भोक माझ्या नावावर लिहून टाकलं. गच्चीवर मी अजून एकही छरा उडवला नव्हता. भोक दोन वर्षांपूर्वीचं होतं.

मग वणीकडचा मावसभाऊ आठवला. त्याने त्या वर्षी कांदा काढल्या काढल्या विकला होता, त्यामुळे त्याची कांद्याची चाळ रिकामी होती. कांद्याची चाळ म्हणजे लांबच लांब, अरुंद, वर छप्पर. नेमबाजांसाठीच बांधली असावी अशी. मी सुटीच्या दिवशी पहाटेच्या एसटीने रायफलची पेटी घेऊन गेले. तिथे गेल्यावर लक्षात आलं की कांदा सडू नये म्हणून चाळीच्या दोन्ही बाजूंनी फटी ठेवलेल्या असतात, आणि त्या फटींतून वारा असा वाहतो की माझा कागद पतंगासारखा फडफडायला लागला. तरी मी पालथ्या घमेल्यांनी फटी झाकून सुरुवात केली. दहा मिनिटांत बाहेर पंधरा माणसं.

एक म्हातारबाबा पुढे आले. "बाई, फॉरेष्टातून आला का?"

"नाही बाबा."

"मग बिबट्याला कोण मारणार? आठ दिस झाले, उसात बसून हाय. माझी शेळी नेली."

मी छरा तळहातावर ठेवून दाखवला. ज्वारीच्या दाण्याएवढा. बाबांनी तो बोटाने उलटा-सुलटा केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढ्यासाठी नाशकाहून आली व्हय?" दुपारी पोलीस पाटील येऊन गेले. भाऊ मला एसटीवर सोडताना म्हणाला, "ताई, राग नको मानू, पण लय बोभाटा झाला." नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं म्हणतात. माझी अजून दोनच झाली होती.

मंगल कार्यालयाची कल्पना मुलीची. ती एका बँकेत नोकरीला आहे. मैत्रिणीच्या लग्नाला जाऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "आई, तो जुना हॉल बघ. चारी बाजूंनी बंद, स्टेजची भिंत दगडी. आणि आता चातुर्मास लागतोय, कोण लग्न करतंय!" मी दुसऱ्याच दिवशी जाऊन पावलं टाकली. स्टेजच्या भिंतीपासून मागे येत तेरावं पाऊल नेमकं फरशीच्या काळ्या पट्टीवर पडलं. मला तिथल्या तिथे बसून घ्यावंसं वाटलं.

हॉलची किल्ली डेकोरेशनवाल्या चाचांकडे असायची. त्यांचे बांबू, पडदे आणि राजाराणीच्या खुर्च्या तिथल्याच मागच्या खोलीत. मालक त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं, रायफल हातात घेतली, वजन पाहिलं आणि एकच विचारलं, "मंडपाला भोक तर नाही ना पडणार?" नाही म्हटल्यावर कामाला लागले. स्टेजवर लोखंडी पत्रा, त्यावर जुनी गोधडी, पुढे टार्गेट. प्रत्येक वेळी कागद बदलायला चालत जायला नको म्हणून मंडपाची कप्पी आणि दोरी लावून दिली. ओढली की कागद माझ्याकडे यायचा. दारांना आतून कड्या. इतकी चांगली रेंज मला सुभेदारांकडेही मिळाली नव्हती.

तेव्हापासून मी भिंतीवरचं कॅलेंडर उलटं वाचायला लागले. लोक मुहूर्त शोधतात, मी मुहूर्त नसलेले दिवस शोधायची. पितृपक्ष आला की मला सण आल्यासारखं व्हायचं. पण माणसं तेवढी सरळ कुठली? चातुर्मासातही पंचांगात गौण काळाचे मुहूर्त छापलेले असतात, अडलेल्यांसाठी. अडलेले किती असावेत? दर आठवड्याला एक. शिवाय बारसं, डोहाळजेवण, वर्षश्राद्धाच्या पंगती. मी कारखान्यातून थेट हॉलवर जायची आणि दारातच बुंदीचा वास आला की उलट्या पावली घरी. रस्त्यात मी मोठ्याने शिव्या दिलेल्या आहेत, त्यातल्या काही वरपक्षाला आणि काही वधूपक्षाला.

तरी गुण वाढत होते. दिवाळीपर्यंत मी सलग चार वेळा मागच्या वर्षीच्या कट-ऑफच्या वर गेले. डोळा कधी कधी धूसर व्हायचा, थोडं थांबलं की निवळायचा. राज्य स्पर्धा तुळशीच्या लग्नानंतर तिसऱ्या रविवारी होती. तुळशीचं लग्न लागलं की हॉलच्या तारखा भराभर जाणार हे ठाऊक होतं, म्हणून चाचांच्या डायरीतल्या तारखा मी तोंडपाठ केल्या होत्या. अधले-मधले पाच दिवस मोकळे होते. पाच दिवस पुरे होते.

आणि मुलीचं ठरलं. चांगलं ठरलं, तिने स्वतः ठरवलं, मुलगा चांगला आहे. मालवाहू जहाजावर असतो. बैठकीला गुरुजी आले, पंचांग उघडलं, बोट फिरवलं. दोनच तारखा निघाल्या. एक तुळशीच्या लग्नानंतरचा तिसरा रविवार, दुसरी थेट वैशाखात. मुलगा त्या महिन्याअखेरीला जहाजावर परत जाणार होता आणि वैशाखात तो कुठल्या समुद्रात असेल ते त्यालाही माहीत नव्हतं.

"पण एवढ्या जवळच्या तारखेला हॉल कुठला मिळायला?" नवरा म्हणाला.

माझी नणंद हसत म्हणाली, "अरे, वहिनीला विचारा ना. त्या जुन्या हॉलच्या सगळ्या तारखा तिला पाठ आहेत. वहिनी, आहे का गं मोकळा त्या रविवारी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला माहीत होतं. तो रविवार डायरीत कोरा होता. 'बुक आहे' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते, आणि ते जिभेच्या टोकावर आलेले होते. मुलगी समोर बसली होती. तिला स्पर्धेची तारीख ठाऊक होती. ती माझ्याकडे पाहत होती आणि काही बोलत नव्हती.

"मोकळा आहे," मी म्हणाले.

पेढे फिरले. नंतर मुलगी स्वयंपाकघरात आली, "आई, तो रविवार..." म्हणाली. मी म्हटलं, "गप्प बस, दूध उतू जातंय." तिने एक शब्द बोलायला हवा होता असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं, आणि तिला तो मीच बोलू दिला नाही हेही ठाऊक होतं. राग कुणावर काढायचा तेच कळेना. मग मी केटररवर काढला, शिंप्यावर काढला, नवऱ्यावर तर काढलाच.

आईने लेकीच्या लग्नात रडावं अशी रीत आहे. मी चिडले होते, हे इथे पहिल्यांदा कबूल करते. सकाळी नऊला हळदीच्या गडबडीत माझी नजर घड्याळाकडे गेली. माझ्या लेनवर आत्ता दुसरंच कुणी उभं असेल, असं वाटलं आणि हातातली वाटी मी इतक्या जोरात आपटली की विहीणबाई दचकल्या. मंगलाष्टकांना सगळे पुढे सरकले. अक्षता घेऊन मी जिथे उभी राहिले तिथे खाली पाहिलं, तर पायाखाली काळी पट्टी. समोर, माझं टार्गेट असायचं तिथे, माझी लेक अंतरपाटाआड उभी होती. उजवा डोळा धूसर झाला. मी नेहमीप्रमाणे थांबले, पण या वेळी तो लवकर निवळला नाही. अक्षता मी अंदाजानेच टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी आणि उरलेले आहेर न्यायला हॉलवर गेले. चाचा स्टेज उतरवत होते. मला बघून त्यांनी काम थांबवलं आणि म्हणाले, "ताई, आज मुहूर्त नाही. उद्याच्या लग्नाचे फुलवाले अकरापर्यंत येतील. तोवर हॉल खाली आहे." पत्रा लावलेला होता. गोधडी होती. कप्पीला दोरी ओवून तयार होती. रायफलची पेटी महिनाभर त्यांच्या मागच्या खोलीतच पडून होती.

मी पट्टीवरच्या अक्षता पायाने बाजूला सारल्या आणि उभी राहिले. स्पर्धेच्या नियमाने घड्याळ लावलं. साठ नेम. डोळा दोनदा धूसर झाला, दोन्ही वेळा मी रायफल खाली घेतली, थांबले, पुन्हा उचलली. हाताला कसली घाई नव्हती. मनातही काही नव्हतं, रागसुद्धा. अशी नेमबाजी मला आयुष्यात एकदाच जमली, ती त्या सकाळी.

मग पायरीवर बसून गेजने एकेक भोक मोजलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आदल्या दिवशीच्या स्पर्धेचा निकाल मोबाईलवर आलेला होता, तो तोवर मी उघडलाही नव्हता. उघडला. यंदाचा कट-ऑफ माझ्यापेक्षा दोन गुण खाली होता.

चाचा झाडू मारत होते. सुपलीत लाल-पिवळ्या अक्षता आणि चपटे झालेले छरे एकत्रच गोळा झाले होते. माझ्या हातातले कागद बघून त्यांनी विचारलं, "पास?"

"पास."

त्यांचा चेहरा खुलला. "मग? आता कुठं जायचं?"

"कुठं नाही, चाचा. काल जायचं होतं."

 सुपली खाली ठेवून कप्पीची दोरी सोडवायला लागले. दाराशी उद्याच्या लग्नाचे फुलवाले येऊन उभे होते.